मृत पेशी ‘काढणारे’ चूर्ण: डब्यावरचे दावे आणि शरीरातले काम

गडचिरोली जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांत, यात्रांत आणि अलीकडे काही किराणा दुकानांतही २०० ग्रॅमच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात एक चूर्ण विकले जाते. किंमत ४५० रुपये. डब्यावर हिरव्या पानांच्या मधोमध एक चकचकीत पेशी काढलेली आहे आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत लिहिले आहे, ‘शरीरात साचलेल्या कोट्यवधी मृत पेशी २१ दिवसांत बाहेर’. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण याच मजकुराचे, फक्त झाकणाचा रंग बदललेले डबे मी निरनिराळ्या नावांनी विकले जाताना पाहिले आहेत आणि हे परीक्षण त्या सगळ्यांना सारखेच लागू पडते. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या तपासणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे पेशींविषयी कोणी इतक्या ठामपणे बोलू लागला की ते तपासून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. पोट साफ करणारे महागडे चूर्ण म्हणून हा माल काम करतो. मृत पेशींशी त्याचा जो काही संबंध आहे तो डब्यावर लिहिल्याच्या नेमका उलट आहे. आणि सिकलसेलच्या, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, रुग्णांनी तर या डब्याला हातही लावू नये.

चांगल्या बाजू थोड्या आहेत, त्या अगोदर नोंदवतो. आतले सील नीट बसवलेले होते, चूर्ण बारीक वस्त्रगाळ होते, दमट हवेतही त्याचे गोळे झाले नाहीत, आणि मापासाठी दिलेला चमचा खरोखरच लेबलवर लिहिल्याप्रमाणे पाच ग्रॅमच भरतो. हे मी प्रयोगशाळेतल्या तराजूवर पाहिले. चव तुरट, मागाहून किंचित खारट. घटकांच्या यादीत सोनामुखी, हिरडा, बेहडा, आवळा, गव्हांकुर, हळद आणि सैंधव अशी नावे आहेत, परंतु कोणता घटक किती हे कुठेही दिलेले नाही. हिरडा आणि बेहडा आपल्याच जंगलात वेचला जातो आणि तो वेचणाऱ्याला किलोमागे काय मिळते हे इथल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. डब्यावर चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक छापलेला आहे आणि विक्रेता त्यावर बोट ठेवून ‘सरकारमान्य’ असे सांगतो. तो परवाना खाद्यपदार्थाचा व्यवसाय करण्यासाठीचा असतो. डब्यावरच्या दाव्याला सरकारने मान्यता दिली आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता मुख्य दावा. शरीरात मृत पेशी साचतात, हे त्यातले पहिले गृहीतक. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या रॉन सेंडर आणि रॉन मिलो यांनी २०२१ मध्ये माणसाच्या शरीरातील पेशींच्या उलाढालीचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यानुसार प्रौढ शरीरात रोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी जातात आणि तितक्याच नव्या येतात. म्हणजे सेकंदाला जवळपास ३८ लाख. वजनात हे दिवसाला सुमारे ८० ग्रॅम भरते. संख्येने पाहिल्यास यांतल्या बहुतांश, म्हणजे ८६ टक्के, पेशी रक्ताच्या असतात आणि उरलेल्यांत मोठा वाटा आतड्याच्या अस्तराचा असतो. या पेशी डब्यावर म्हटल्याप्रमाणे खरोखरच साचत राहिल्या असत्या, तर वर्षाअखेरीस प्रत्येकाच्या अंगात २९ किलोंचा ढीग जमला असता आणि चूर्ण विकणाराही बाजारात उभा राहू शकला नसता. प्रत्यक्षात निरोगी ऊतीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर मरणारी पेशी शोधून काढावी लागते. छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत संरक्षक पेशी घडवल्या जातात आणि त्यांतल्या ९५ टक्क्यांहून अधिक तिथेच मारल्या जातात. तरीही त्या ग्रंथीच्या कापात मृत पेशी तुरळकच दिसतात. त्या मरत नाहीत म्हणून नव्हे, तर मरणे पूर्ण होण्याआधीच गिळल्या जातात म्हणून.

हे गिळणे कसे घडते ते सविस्तर सांगणे भाग आहे, कारण चूर्ण त्यात कुठे शिरकाव करू शकते का, हाच या परीक्षणाचा खरा प्रश्न आहे. पेशीच्या मरणाचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एक अपघाती: भाजणे, चिरडणे, रक्तपुरवठा तुटणे. यात पेशी फुगते, फुटते, आतले पाचक पदार्थ शेजारच्या ऊतीत सांडतात आणि तिथे सूज येते. दुसरा नियोजित. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलास्टेअर करी यांनी १९७२ मध्ये या दुसऱ्या प्रकाराचे नेमके वर्णन करून त्याला अपोप्टोसिस हे नाव दिले. यात पेशी आकसते, तिच्यातील कॅस्पेज नावाची विकरे आतला सांगाडा आणि केंद्रकातला डीएनए पद्धतशीरपणे तोडतात, आणि शेवटी आवरणासकट लहान लहान पुड्या पडतात. आपल्याकडे कवेलूचे जुने घर उतरवताना आधी कवेलू, मग फाटे, मग मयाली असे एकेक सुटे करून पुढच्या घरासाठी रचून ठेवतात, आणि तेच घर आगीत गेले तर शेजारच्या गोठ्यालाही झळ लागते. दोन मरणांत फरक आहे तो एवढाच आणि असाच.

मरणारी पेशी आपली खबर स्वतःच देते. आधी ती एटीपीसारखे (एरवी पेशीत ऊर्जा वाहून नेणारे) काही रेणू थोड्या प्रमाणात बाहेर सोडते आणि त्यांच्या मागावर मॅक्रोफेज, म्हणजे मोठ्या भक्षक पेशी, तिच्याकडे सरकतात. जवळ आल्यावर ओळख पटवायची ती आवरणावरच्या खुणेने. प्रत्येक पेशीच्या आवरणाला आतला आणि बाहेरचा असे स्निग्ध रेणूंचे दोन थर असतात आणि फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा रेणू जिवंत पेशीत आतल्या थरातच राखलेला असतो. त्याला आत ठेवण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते. नियोजित मरण सुरू झाले की कॅस्पेज ही राखणदारी बंद पाडतात आणि दुसऱ्या बाजूने थरांची सरमिसळ करणारे प्रथिन चालू करतात. मग हा रेणू बाहेरच्या पृष्ठभागावर येतो. मॅक्रोफेज त्यालाच ओळखतात, हे व्हॅलरी फॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले.

ओळखण्याची साधनेही एकाहून अधिक आहेत. काही मॅक्रोफेज हा रेणू स्वतःच्या ग्राहींनी, म्हणजे आवरणावरच्या पकडणाऱ्या प्रथिनांनी, थेट धरतात, तर काही मध्यस्थ प्रथिनाच्या मदतीने. जपानमधील शिगेकाझु नागाता यांच्या गटाने २००२ मध्ये असाच एक मध्यस्थ शोधला. गंमत अशी की हे प्रथिन दुधातल्या स्निग्धकणांच्या आवरणात आधीपासून माहीत होते. (हे वाचून कोणी दुधाचे चूर्ण विकायला काढू नये, पोटात गेलेले प्रथिन इतर प्रथिनांसारखेच पचून जाते.) याउलट निरोगी पेशी आपल्या अंगावर सीडी४७ नावाचे प्रथिन मिरवतात, ज्याचा मॅक्रोफेजला मिळणारा संदेश ‘मला गिळू नकोस’ असा असतो. एक खूण दिसली आणि दुसरी ओसरली, की पेशीला वेढा पडतो, ती आत ओढली जाते आणि आम्लयुक्त पिशवीत तिचे तुकडे होतात. प्रथिनांपासून अमिनो आम्ले, आवरणापासून स्निग्धाम्ले आणि कोलेस्टेरॉल, डीएनएपासून त्याचे सुटे घटक, असे सगळे पुन्हा वापरात येते. शिवाय पोट भरलेला मॅक्रोफेज सूज शमवणारे संदेश सोडतो, त्यामुळे एवढी मोठी सफाई रोज होऊनही आपल्याला काही जाणवत नाही.

हे काम केवळ मॅक्रोफेजच करतात असेही नाही. ज्या चिमुकल्या सूत्रकृमीवरच्या संशोधनासाठी सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चे नोबेल मिळाले, त्याच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या ठरलेल्या १३१ मरतात. त्याच्याकडे भक्षक पेशींचा वेगळा वर्ग नसतो. शेजारची पेशीच शेजारणीला गिळते. आपल्या फुफ्फुसाच्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही प्रसंगी हेच करतात. म्हणजे ही व्यवस्था ऊतीऊतीत, जागच्या जागी, पेशीच्या रुंदीएवढ्या अंतरावर चालते. चमचाभर चूर्ण गरम पाण्यातून घेतल्याने तिच्यात भर पडण्याचा मार्ग मला दिसत नाही आणि डब्यावरही तो कुठे सांगितलेला नाही.

दुसरा दावा ‘रक्तातील मळ धुऊन काढते’ असा आहे. रक्तातली सर्वांत मोठी सफाई तांबड्या पेशींची. अस्थिमज्जेत तयार होताना तांबडी पेशी आपले केंद्रक बाहेर टाकते आणि बाजूलाच बसलेला मॅक्रोफेज ते गिळतो, तेव्हा तिची पहिली सफाई जन्मतानाच होते. नंतर ती सुमारे १२० दिवस फिरते. म्हातारी झालेली, ताठरलेली पेशी प्लीहेच्या, म्हणजे पाणथरीच्या, अरुंद फटींतून वाकून जाऊ शकत नाही आणि तिथले किंवा यकृतातले मॅक्रोफेज तिला उचलतात. तिच्या हिमोग्लोबिनमधील लोह काढून मज्जेकडे परत पाठवले जाते. या वाटेने दिवसाला २० ते २५ मिलिग्रॅम लोह फिरते, तर अन्नातून शरीर शोषून घेते ते जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम. नव्या रक्ताला लागणारे जवळजवळ सगळे लोह मेलेल्या पेशींतूनच येते. तो ‘मळ’ धुऊन बाहेर काढणारे चूर्ण खरोखरच कोणी बनवले असते, तर माणूस काही महिन्यांत रक्तक्षयाने पांढराफटक पडला असता.

लोह काढून घेतल्यावर उरते ते रंगद्रव्य. त्याची कडी उघडली की आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन तयार होते. मुका मार लागलेली जागा आधी काळीनिळी, मग हिरवट आणि शेवटी पिवळी पडते, ती यामुळेच. कातडीखाली सांडलेल्या तांबड्या पेशींची मॅक्रोफेजने केलेली विल्हेवाट तिथे डोळ्यांदेखत चाललेली असते. रक्तातले बिलिरुबिन यकृत पित्तातून आतड्यात सोडते, तिथले जिवाणू त्याचे आणखी रूपांतर करतात आणि त्यातून विष्ठेला तिचा तपकिरी रंग येतो. थोडक्यात, रक्तातल्या मृत पेशींचा जो भाग बाहेर पडायचा असतो तो कोणतेही चूर्ण न घेता रोज सकाळी बाहेर पडतच असतो.

यावरून तिसऱ्या दाव्याकडे येतो, कारण विक्रेत्याचा सगळा भर त्यावरच आहे. ‘काकाजी, सकाळी बघा तुम्ही, सगळा मळ निघून जाते,’ असे तो छातीठोकपणे सांगतो आणि सकाळी खरोखरच पळापळ होते. मी लेबलप्रमाणे रात्री एक चमचा घेऊन पाहिला. पहाटे पोटात कळ, दोन-तीन पातळ जुलाब, नंतर दिवसभर तोंडाला कोरड. लघवीचा रंगही गडद पिवळसर तपकिरी झाला आणि विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे तो ‘पेशींचा निचरा’ होता. या सगळ्याचे स्पष्टीकरण घटकांच्या यादीतल्या पहिल्याच नावात आहे. सोनामुखीतले सेनोसाइड हे घटक मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडून मोकळे होतात, आतड्याच्या स्नायूंना चाळवतात आणि पाणी शोषून घेण्याचे काम मंदावतात. परिणाम दिसायला साधारण सहा ते बारा तास लागतात, म्हणून रात्री घेतलेले सकाळी लागू पडते. लघवीचा रंगही सोनामुखीतल्या द्रव्यांनीच बदलतो. विष्ठेत मृत पेशी असतात हे खरे आहे, परंतु त्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या असतात. ते अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते आणि जुन्या पेशी आतड्याच्या पोकळीत गळून पडतात. यकृतातली, फुफ्फुसातली किंवा सांध्यातली मेलेली पेशी आतड्यापर्यंत चालत येऊन बाहेर पडते, असा रस्ता शरीरात नाही.

आणि इथेच या मालाचा सर्वांत मोठा विरोधाभास आहे. सोनामुखीसारखी रेचके दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी केली की आतले गुलाबी अस्तर अनेकदा तपकिरी ते काळसर, ठिपकेदार दिसते. वैद्यक त्याला मेलॅनोसिस कोलाय म्हणते. नावावरून कातडीला रंग देणारे मेलॅनिन आठवले तरी तो रंग मेलॅनिनचा नसतो. रेचकातल्या अँथ्राक्विनोन द्रव्यांमुळे अस्तरातल्या पेशी नेहमीपेक्षा जास्त संख्येने अपोप्टोसिसने मरतात, अस्तराखालचे मॅक्रोफेज त्यांना गिळतात, आणि पचनातून उरलेले रंगीत अवशेष त्या मॅक्रोफेजच्या पोटात साठत जातात. म्हणजे मृत पेशी काढून टाकतो म्हणून विकलेला डबा नियमित घेतला, तर तो मृत पेशी वाढवतो आणि त्या उचलण्याचा जादा भार शरीराच्या सफाईवर टाकतो. ही स्थिती सहसा निरुपद्रवी मानली जाते आणि रेचक थांबवल्यावर काही महिन्यांत ओसरते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ‘२१ दिवसांनी पुन्हा नवा डबा सुरू करा’ ही लेबलवरची सूचना वाचताना ती ध्यानात असलेली बरी.

चौथा दावा चटकन उरकण्यासारखा आहे. डब्याच्या मागे ‘नोबेल पुरस्कारप्राप्त विज्ञानावर आधारित’ असे छापले आहे. रोख आहे तो योशिनोरी ओसुमी यांच्या २०१६ च्या पुरस्काराकडे. त्यांचे काम ऑटोफॅजीवर, म्हणजे जिवंत पेशी स्वतःच्या आतले निकामी भाग स्वतः कशी पचवते यावर होते, आणि ते त्यांनी यीस्टवर केले. एका पेशीने दुसरी मेलेली पेशी गिळणे ही त्याहून वेगळी क्रिया आहे. चूर्णाचा तर या दोहोंशीही संबंध नाही.

इथवरचे सगळे केवळ पैशांच्या नुकसानीचे असते तर मी इतके लिहिले नसते. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे आणि निर्मूलनासाठी २०४७ हे वर्ष ठरवलेले आहे. तपासणी वाढली तशी घराघरात या आजाराची नावानिशी ओळख झाली, आणि चूर्णवाल्यांनाही नवे गिऱ्हाईक सापडले. एका मुलीच्या आईने मला विक्रेत्याचे बोलणे जसेच्या तसे सांगितले: ‘पोरीचे डोळे पिवळे दिसते ना बाई, तो मेलेल्या पेशींचा मळ होय. गोळ्यांनी तो निघत नाही, हे द्या.’ यात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच ते घातक आहे.

सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी १२० दिवसांऐवजी दहा ते वीस दिवसच टिकते. ऑक्सिजन कमी झाला की तिच्यातले बदललेले हिमोग्लोबिन लांब तंतूंसारखे जुळते, पेशी विळ्यासारखी वाकते, ताठरते, आणि असे वारंवार झाले की तिच्या आवरणावर फॉस्फॅटिडिलसेरिनची तीच मरणखूण उमटते. मॅक्रोफेज तिला उचलतात. सफाई कमी पडते आहे असे इथे मुळीच नाही. ती कित्येक पटींनी जास्त चालली आहे, आणि तिच्यातून येणारे बिलिरुबिन यकृताच्या आवाक्याबाहेर गेल्यामुळे डोळे पिवळे दिसतात. शरीर अपुऱ्या वेळात नव्या पेशी घडवत राहते म्हणून फॉलिक आम्लाची गोळी लागते, आणि पेशी वाकण्याचे प्रमाण कमी व्हावे म्हणून अनेक रुग्णांना डॉक्टर हायड्रॉक्सियुरिया देतात. त्या आईने चूर्ण सुरू करताना दोन्ही गोळ्या बंद केल्या होत्या.

सफाईखाते खरोखर बंद पडले की काय दिसते, ते मी काचपट्टीवर नेहमी पाहतो. लिशमन रंगाने रंगवलेल्या पट्टीवर तेलात बुडणारे भिंग लावले की सर्वसामान्य रक्तात तांबड्या पेशी स्वच्छ, मध्ये किंचित फिकट अशा दिसतात. सिकलसेलच्या मोठ्या मुलांच्या पट्टीवर विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी तर असतातच, पण त्यांच्या सोबतीने काही गोल पेशींच्या आत एकेक जांभळा, टाचणीच्या टोकाएवढा, नीटस गोल ठिपका आढळतो. हे हॉवेल-जॉली कण, म्हणजे जन्मताना टाकून द्यायच्या केंद्रकाचा राहून गेलेला तुकडा. निरोगी माणसात प्लीहा असा तुकडा फिरत्या पेशीतून खुडून काढते आणि पेशीला पुढे जाऊ देते, म्हणून तो रक्तात सहसा दिसत नाही. सिकलसेलमध्ये प्लीहेच्या आतल्या रक्तवाहिन्या पुनःपुन्हा तुंबून ती लहानपणीच निकामी होत जाते. आपल्याकडच्या काही रुग्णांत ती मोठ्या वयापर्यंत वाढलेलीही राहते, पण काम पुरेसे करत नाही. मग ठिपके दिसू लागतात, आणि त्याच प्लीहेने रोखायचे न्यूमोकोकससारखे जिवाणूही मोकळे सुटतात. त्यासाठी लस असते, लहान मुलांना पेनिसिलिन देतात आणि ताप आला की थांबू नका असे बजावतात. पट्टीवरचा तो ठिपका कोणत्याही चूर्णाने जात नाही.

आणि या रुग्णाला रेचक देणे म्हणजे काय? शरीरातले पाणी कमी झाले की तांबड्या पेशीतलेही पाणी कमी होते, हिमोग्लोबिन दाट होते आणि पेशी वाकण्याचा वेग वाढतो. वेदनेचे झटके येण्याच्या ठरलेल्या कारणांत पाणी कमी पडणे हे वरच्या क्रमांकाचे कारण आहे. मोहफूल वेचायचे आणि तेंदूपत्ता तोडायचे दिवस हे आपल्याकडे सर्वांत कडक उन्हाचे दिवस असतात. माणसे पहाटेपासून जंगलात असतात, सोबत नेलेले पाणी दुपारपर्यंत संपते. त्या दिवसांत रात्री सोनामुखी आणि सकाळी जुलाब हा मेळ किती वाईट आहे हे वेगळे समजावण्याची गरज नाही. वर सांगितलेल्या मुलीला त्याच सुमारास हाडांच्या वेदनांसाठी भरती करावे लागले. ते चूर्णामुळेच झाले असे एका प्रसंगावरून मी म्हणणार नाही. पण जुलाब, ऊन आणि बंद केलेल्या गोळ्या यांपैकी एकही गोष्ट तिच्या बाजूची नव्हती. डब्यावर गरोदर स्त्रियांसाठी बारीक अक्षरांत सूचना आहे, सिकलसेलबद्दल एक शब्दही नाही, आणि तो विकला जातो कुठे, तर याच पट्ट्यात.

सफाईत दोष असलेले आजार खरेच असतात, हेही नोंदवले पाहिजे, म्हणजे डब्याची बाजू पूर्ण ऐकल्यासारखे होईल. रक्तातले सी१क्यू हे प्रथिन मरणाऱ्या पेशींवर खूण लावायला मदत करते; ज्यांच्यात ते जन्मतःच नसते त्यांच्यापैकी बहुतेकांना ल्युपस हा आजार होतो, ज्यात शरीर स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. वेळेवर न उचललेली पेशी शेवटी फुटते आणि तिच्या आतला माल संरक्षक यंत्रणेच्या नजरेस पडतो, असा त्यामागचा तर्क आहे. रोहिणीच्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीच्या, भिंतीत साचणाऱ्या चरबीच्या थरातही मॅक्रोफेज थकतात, मृत पेशी पडून राहतात आणि थराचा गाभा मऊ, फुटीर होतो; हृदयविकाराच्या झटक्यामागे बहुधा असा फुटलेला थर असतो. या दोषांवर औषध शोधण्याचे काम जगभर चालू आहे आणि ते सोपे नाही. रक्ताच्या कर्करोगासाठी सीडी४७ झाकणारी, म्हणजे ‘मला गिळू नकोस’ ही खूण पुसणारी औषधे चाचण्यांत वापरली गेली, तेव्हा कर्करोगाच्या पेशींबरोबर मॅक्रोफेजनी चांगल्या तांबड्या पेशीही गिळल्या आणि रक्तक्षय हा ठळक दुष्परिणाम ठरला. ‘जास्त सफाई’ हे शरीराच्या दृष्टीने वरदान नसते, हे एवढ्यावरून कळावे.

राहिला खरेदीचा अनुभव. बिल मागितले तेव्हा विक्रेत्याने डब्यावरच्या किमतीकडे बोट दाखवले. ‘फरक न पडल्यास पैसे परत’ असे लेबलवर लिहिले आहे, परंतु त्याखालच्या बारीक ओळीत बिल असणे बंधनकारक केले आहे. छापलेल्या क्रमांकावर फोन केल्यावर पलीकडच्या बाईंनी अतिशय आदबीने बोलून आणखी दोन डब्यांवर सूट देऊ केली. मृत पेशी मोजता कशा, या प्रश्नावर मात्र ‘सर, तुम्हाला हलकं वाटते ना?’ एवढेच उत्तर मिळाले. पाचांपैकी मी एक गुण देतो, तोही सील आणि चमच्यासाठी. कधीमधी पोट जड होत असेल तर सोनामुखी नसलेले साधे त्रिफळा चूर्ण कोणत्याही मेडिकलमध्ये याच्या कितीतरी कमी किमतीत मिळते, आणि तक्रार रोजचीच असेल तर डॉक्टरांना दाखवावे. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर कोणतेही जुलाबाचे औषध, मग ते झाडपाल्याचे का असेना, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये आणि चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. ज्यांनी डबा आधीच घेतला आहे त्यांनी तो फेकण्यापूर्वी लेबलच्या चारही बाजूंचे, बॅच क्रमांक आणि तारीख वाचता येईल असे, फोटो काढून ठेवावेत. अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करताना किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना तेच लागतात, आणि बिल नसताना हाताशी तेवढाच पुरावा असतो.